महालिंगनं न काढलेले बुश

"रबराच्या जागी रबरच बसतं, अण्णा. तिथं तोफ बसवून चालत न्हाय."

"तोफ म्हण, न्हायतर घंटा म्हण. जन्मात झिजणार न्हाय, एवढं बघ."

"अरे, झिजायचंच काम हाय त्याचं. ते झिजतंय म्हणून बाकीचं टिकतंय."

"चाळीस रुपयाचं रबर वर्षाला बदलायचं, ह्याला तू कारागिरी म्हणतोस व्हय?"

हे भांडण मी ऐकलं त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. जेवणाचे डबे घेऊन मी गॅरेजच्या मागच्या दारात उभी होते. आत दोघे सख्खे भाऊ एकमेकांवर गुरगुरत होते. धाकटा महालिंग, मोटार मिस्त्री. ते गॅरेज त्याचंच. मोठे ते आमचे मालक. उखाणा सोडला तर मी त्यांचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही, पण लिहायला हरकत नसावी: श्रीशैल. उद्यमनगरात लेथवर टर्नर होते. दोघांच्या मधे कसबा बावड्याच्या हंबीररावांची गाडी पुढची चाकं काढून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवलेली होती.

त्या गाडीबद्दल आधी सांगायला पाहिजे. विलायती, दोनच माणसं बसतील अशी, छत उघडणारी, आणि इतकी बसकी की शेजारून म्हैस गेली तर म्हशीनं वाकून बघावं. रंग शेवाळी. आम्ही तिला घोरपड म्हणायचो. कुठल्याशा स्टुडिओवाल्याकडून हंबीररावांनी ती घेतली होती आणि शर्यतीच्या गाडीचा वापर ते कसा करायचे, तर सकाळी शेजारच्या शिटावर दुधाच्या दोन बरण्या दोरीनं बांधायच्या आणि डोक्याला फेटा गुंडाळून डेअरीला जायचं. घाई असली की पाठीमागं वैरणीची पेंढी पण असायची.

आता बुश. मला मोटारीतलं काही कळत नव्हतं, सगळं महालिंगनंच शिकवलं. पुढच्या चाकांना धरून ठेवणारे लोखंडी हात असतात. ते गाडीच्या अंगाला जिथं जोडलेले असतात, तिथं मधे एक जाड रबराची बांगडी असते. खड्ड्यातला दणका ती आपल्या अंगावर घेते. तिला म्हणायचं बुश. घोरपडीचे चार बुश बरण्यांच्या वजनानं फाटून गेले होते आणि विलायतेहून नवे यायला चार महिने लागणार होते. तेव्हा आमच्या मालकांनी कुणाला न विचारता लेथवर चार बुश कातून आणले. कशाचे, तर गनमेटलचे. पितळेच्या जातीतला तो धातू, पंपात घालतात, पिढ्यान् पिढ्या झिजत नाही. आमच्या गावात भट्ट्या आणि लेथ घरटी. त्यामुळं इथल्या माणसाला एक खोड आहे: एखादी वस्तू झिजली की तिच्या जागी कधीच न झिजणारी वस्तू बसवायची. कपाची दांडी तुटली तर लोखंडाची जोडून देतील.

शेवटी महालिंगनं हात झटकले.

"बसव. मोठा हाईस, बसव. पण कान उघडे ठेवून ऐक. तू बसवलेलं मी काढणार न्हाय. काढायची वेळ यील तवा तुझ्याच हातानं काढायचं."

"ती वेळच यायची न्हाय."

"मग झालं की."

तेवढ्यात मी डबे आदळले. दोघांनी एकाच डब्यातली भाकरी खाल्ली, एकमेकाला ठेचा वाढला आणि तोंडातून शब्द काढला नाही. जेवण झाल्यावर मालकांनी स्वतःच्या हातानं चारही बुश ठोकून बसवले. महालिंग बाहेर कट्ट्यावर बसून सुपारी कातरत राहिला.

महालिंगला जाऊन आता दीड वर्ष झालं. मी लग्न होऊन आले तेव्हा तो सातवीत होता, म्हणून मी पहिल्यापासून त्याला अरे-तुरेच केलं आणि तो मला अहो-जाहो. आमच्या अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई नीलम्मा, निपाणीकडच्या. त्या कानडीतून रागवायच्या आणि हा मराठीतून उलटून बोलायचा. सातवीनंतर त्यानं शाळेला रामराम ठोकला. मी चौथी, तो सातवी, त्यामुळं घरात तो विद्वान. हंबीररावांच्या गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. महालिंगनं त्यातली चित्रं बघून बघून पानं काळी केली. अक्षर एक वाचता येत नव्हतं, पण कुठल्या चित्रात गाडी घोड्यांवर आहे आणि कुठल्या चित्रात चाकांवर, हे त्याला पाठ होतं. पुढं कळेल ते का महत्त्वाचं.

माणूस तोंडाचा फटकळ. एकदा एक पांढऱ्या कपड्यातला गिऱ्हाईक आला, म्हणाला, क्लच लागत नाही. महालिंगनं गल्लीतून एक चक्कर मारली आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली. "पावणं, गाडी बरी हाय. पाय क्लचवर ठिवून झोपतासा, ते सोडा." तो माणूस तणतणत गेला आणि पुढं पंधरा वर्षं त्याच्याकडेच येत राहिला. उद्यमनगरात असंच चालतं. गोड बोलणाऱ्या मिस्त्रीवर कुणाचा विश्वास बसत नाही.

घोरपडही येत राहिली. इंजिन, ब्रेक, सायलेन्सर, सगळं महालिंग करायचा. पण पुढच्या हातांना पाना लावायचा नाही. "महालिंग मिस्त्री तिच्या म्होरच्या पायास्नी शिवत न्हाय," असं गल्लीत म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं. मग एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर हा गाडीखाली उताणा, हातात तेलाची पिचकारी, आणि त्या गनमेटलच्या बुशांच्या कडेला थेंब थेंब तेल सोडतोय.

"शिवत न्हाईस म्हणतात की रे," मी म्हटलं.

"काढत न्हाय. तेल देतो." आतूनच बोलला. "धातूवर धातू हाय, वहिनी. वंगण न्हाय मिळालं तर कुईकुई वाजंल. गाडी लेथच्या दारावरनं जाती. अण्णाला ऐकू जाईल."

दर महिन्याला तो तेल द्यायचा. हंबीररावांनाही माहीत नव्हतं. आणि आमचे मालक? ते चहाच्या टपरीवर माणसं गोळा करून सांगायचे: "माझे बुश बघा जावा हंबीररावांच्या गाडीत. वीस वर्षं झाली. तेलाचा थेंब दाखवला न्हाय, तरी आवाज न्हाय." मी शेजारी उभी असले तर पदर तोंडाला लावायची. पण सांगितलं कधी नाही. नवऱ्याला सुखानं झोप लागत असेल तर बायकोनं उठवू नये.

मालक गेले त्याला आता सात वर्षं होतील. शेवटपर्यंत दोघं भाऊ रोज संध्याकाळी एका कट्ट्यावर बसायचे. राजकारण, उसाचा दर, कुणाचा बैल किती दाती, सगळं बोलायचे. घोरपडीच्या बुशांचा विषय एकदाही निघाला नाही.

मग परवाच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. परवाची म्हणजे दीड वर्षापूर्वीची. माझ्या वयात सगळं परवाच असतं. हंबीररावांचा नातू ऋतुराज घोरपड घेऊन गॅरेजमध्ये आला. शेजारी स्वतः हंबीरराव, ऐंशी पार, फेटा तसाच. ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढायची आणि खड्ड्यात गेली की पुढून असा आवाज यायचा, जसं कुणी पत्र्याच्या डब्यावर खलबत्ता आपटतंय.

महालिंग खाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही.

"काय हाय?" हंबीररावांनी विचारलं.

"बुश ज्यात बसतो त्या घराला चीर गेलीया. दोन्ही बाजूनं."

"मग वेल्डिंग कर की."

"बुश काढल्याबिगर व्हत न्हाय."

"मग काढ."

महालिंग फडक्याला हात पुसत राहिला. ऋतुराज समजूतदार पोरगा, तो हळूच म्हणाला, "आजोबा, त्यांना अवघड असेल तर राहू दे. गाडी विकत मागणारा पुण्याचा तो माणूस आहेच. तो नुसती काचेमागं उभी करणार आहे. त्याला चालायची गरज नाही."

हंबीररावांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. महालिंगला म्हणाले, "मिस्त्री, राधानगरीला माझी बहीण हाय. तिनं ह्या गाडीत बसायचं म्हणून चाळीस वर्षं हट्ट केला आणि दर टायमाला शेजारी दुधाच्या बरण्या असायच्या. आता बरण्या न्हाईत. तिला एकदा धरणापातूर फिरवून आणतो, मग पुण्याला न्हायतर पंढरपूरला, कुठं बी जाऊ दे. आठ दिवसांत सरळ चालाय पाहिजे."

गाडी राहिली. दोन दिवस ती घोड्यांवर आणि महालिंग समोर स्टुलावर. तेव्हा त्याची सत्तरी आली होती. मुलगा शिवप्रसाद मोबाईलचं दुकान चालवायचा, त्याला वाटलं बापाच्या डोळ्यांचं काहीतरी झालं. तिसऱ्या दिवशी भाकरी तशीच परत आली, तेव्हा मी गेले.

"काय रे, उपास धरलास का काय?"

"वहिनी, तुमास्नी ठाऊक हाय."

"ठाऊक हाय. पण ज्याला शब्द दिलास तो माणूस आता न्हाय."

"न्हाय म्हणून तर अवघड. असता तर बोंबलून सांगितलं असतं, अण्णा, ये आणि तुझी तोफ काढ."

"मग दुसऱ्या मिस्त्रीला दे की काढायला. गल्लीत पन्नास हाईत."

हे ऐकल्यावर तो माझ्याकडं असा बघू लागला जसं मी त्याच्या ताटात माती टाकली. "दुसरा काढंल आणि पयला शब्द काय बोलंल ठाऊक हाय? कुठल्या गाढवानं रबराच्या जागी गनमेटल बसवलं. मग सगळ्या उद्यमनगरात हसतील. अण्णाचं नाव तेवढंच लक्षात ठेवतील. माझ्या हातानं काढवत न्हाय आणि दुसऱ्याला बघू देववत न्हाय."

मी गाडीखाली वाकून बघितलं. मग विचारलं, "त्या दिवशी तू नक्की काय म्हणालास?"

"म्हणालो की, तू बसवलेलं मी काढणार न्हाय. तुझ्याच हातानं काढ."

"मग त्यांच्याच हातानं निघू दे की."

"वहिनी, डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

"नवऱ्याच्या पुण्याईत अर्धा वाटा बायकोचा म्हणतात. पापात असतोच, बुशातबी असंल. दे तो पाना."

तो हसला नाही. उठला, हात धुतले, आणि भिंतीवरचा मोठा पाना काढून मला दोन्ही हातांनी दिला, दसऱ्याला शस्त्र द्यावं तसा.

पंच्याहत्तराव्या वर्षी मी पदर खोचून गाडीशेजारी पोत्यावर बसले. तो बोटानं दाखवायचा, मी पाना लावायची. पहिला नट हलेना. मग त्यानं पान्याच्या दांडीत नळाचा एक लांब पाईप घातला. "आता लोंबकळा, वहिनी. वजनानं सुटंल." वजन माझ्याकडं भरपूर आहे. मी लोंबकळले. कड् असा आवाज झाला, मला वाटलं माझाच मणका, पण नट होता.

त्याच वेळेला शिवप्रसाद आत आला. आमच्यात मोठ्या काकूला दोड्डव्वा म्हणतात. "दोड्डव्वा, हे काय करायलाईस?"

"मला नोकरी लागलीया," मी म्हटलं. "हातोडा आण."

सगळी सकाळ गेली. नट सुटल्यावर लोखंडी हात खाली आले, मग एकेक बुश ठोकून बाहेर. महालिंगनं दांडा धरला, हातोडा मी मारला. चौथा बुश निघाला तेव्हा मी घामानं न्हालेली. त्यानं तो फडक्यानं पुसला, उजेडाकडं धरला. नव्या बांगडीसारखा लखलखीत. कुठं ओरखडा नाही. आणि ज्या पोलादाच्या घरात तो बसला होता, ते मात्र दणके खाऊन खाऊन फाटलेलं.

"अण्णाचं काम एक नंबर," तो म्हणाला.

"आणि चूक?"

"चूकबी एक नंबर."

मग आम्ही दोघंही हसत सुटलो. इतकं की शिवप्रसादनं पाणी आणलं. हसता हसता महालिंग फडक्यानं डोळे पुसू लागला आणि सगळ्या तोंडाला ग्रीस फासून घेतलं.

पुढचं काम त्याच्या हातचं होतं आणि त्याला अडवणारं कुणी नव्हतं. चिरा वेल्डिंग करून घेतल्या, आतून पट्ट्या दिल्या. बुशासाठी तो बाळासोकडं गेला. बाळासो पंपाचे रबरी वायसर करतो. पहिले चार आले ते महालिंगनं अंगठ्यानं दाबले आणि परत केले. "हे चपलंच्या टाचंला लाव, बाळासो. मला भाकरीच्या पिठासारखं नको, पण अंगठ्याला ऐकलं पाहिजे." दुसऱ्या खेपेचे त्यानं मलाही दाबायला लावले. मला वाटलं बरे आहेत. तो म्हणाला, बरे आहेत. माझ्या धुण्याच्या साबणाचं पाणी लावून ते आत सरकवले.

आणि आता त्या चित्रांची गोष्ट. पुस्तकात शेवटचे नट आवळतानाच्या चित्रात गाडी घोड्यांवर नव्हती, चाकांवर होती. महालिंगनं त्यावरून चाळीस वर्षांपूर्वीच ओळखलं होतं: गाडी हवेत असताना नट आवळले तर रबर तिथंच धरलं जातं, आणि गाडी खाली उतरवली की पिळवटून निघतं, महिन्यात फाटतं. आधी गाडी तिच्या पायावर उभी करायची, आत माणसाएवढं वजन ठेवायचं, आणि मग आवळायचं. "रबराला आधी कळू दे, आपल्याला कुठं राहायचंय ते," असं तो म्हणायचा.

"वहिनी, बसा आत."

"मी?"

"हंबीररावांच्या वजनाला तुमीच बरोबर. शेजारी तांदळाचं पोतं ठिवतो, ते त्यांच्या बहिणीचं."

"माझं वजन तुला कुणी सांगितलं?"

"परवा पाईपला लोंबकळलासा, तवाच काढलं."

मी नऊवारी सावरत त्या घोरपडीत उतरले. बसले कसली, विहिरीत पडावं तशी पडले. समोर गोल गोल काटे, हातात लाकडी स्टेअरिंग, शेजारी पन्नास किलो इंद्रायणी. खालून महालिंगचा पाना किर्र किर्र वाजत होता. गल्लीतली पोरीबाळी बघायला जमल्या. एक म्हणाली, आजी, हॉर्न वाजवा. मी वाजवला. खालून आवाज आला, "ड्रायव्हर, हलू नगासा."

मालक असते तर काय म्हणाले असते, असा विचार तेव्हा मनात आला. बहुतेक म्हणाले असते, उतर खाली, माझ्या बुशाला असलं लाडाचं काही लागत नव्हतं.

ते चार बुश महालिंगनं मला दिले. देव्हाऱ्यात ठेवले नाहीत, मी काही वेडी नाही. खिडकीतला कागद वाऱ्यानं उडतो, त्यावर ठेवलेत. हे लिहितानाही एक पानावर आहे.

नट आवळले त्याच्या दुसऱ्या दिवशी बुधवार. गाडी तयार झाली की गिऱ्हाईकाला बोलवायचं नाही, आपण नेऊन पोचवायची, ही महालिंगची पहिल्यापासूनची रीत. त्यासाठी तो कामाचे कपडे बदलून पांढरा शर्ट आणि टोपी घालायचा. आधी कळंब्याच्या तळ्यापर्यंत एक फेरी, एकट्यानं, गाडीचा मालक शेजारी नको. मग गिऱ्हाईकाच्या दारात किल्ली. परत सोडतो म्हटलं तरी कुणाच्या गाडीत बसायचा नाही, सिटी बसनं यायचा. त्या बुधवारीही तसाच गेला. त्यानंतर बारा दिवसांनी तो झोपेतच गेला, त्यामुळं ही त्याची शेवटची फेरी ठरली; पण त्या दिवशी हे कुणाला ठाऊक नव्हतं, त्यालाही नसावं.

बावड्यात काय झालं ते मला हंबीररावांनी पुढं बाराव्याला सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, "का रे मिस्त्री, शेवटी श्रीशैलचे बुश गेलेच म्हणायचे."

"बुश कुठं जात्यात?" महालिंग म्हणाला. "पत्रा म्हातारा झालता. पत्रा करायचा म्हणून बुश काढाय लागले, आणि एकदा काढलं की परत बसवता येत न्हाईत. अजून शंभर वर्षं गेले असते."

"तूच काढलेस?"

"मी न्हाय काढले. घरातनंच निघाले."

हंबीररावांनी चहा ठेवला, तो त्यानं उभ्यानंच प्याला. ऋतुराज सोडायला निघाला तर त्याला म्हणाला, "तुमी राधानगरीची तयारी करा. आजोबास्नी वळणावर हळू म्हणा, ब्रेक आता लगेच लागतोय." आणि बसथांब्यावर जाऊन उभा राहिला.

अकराच्या सुमाराला मी कट्ट्यावर लसूण सोलत होते. तो गल्लीच्या तोंडाशी उतरला, हातात पोकळ्याच्या भाजीची जुडी. बावड्याला गाडी दिली की तिथल्या मळ्यातला पोकळा आणायचाच, दुसऱ्या बाजूला गेला तर दुसरं काहीतरी. जुडी त्यानं माझ्या सुपात ठेवली.

"मुळं काढूनच आणलीया," म्हणाला. "माती लई हाय, दोन पाण्यातनं काढा."

"गाडी कशी गेली?"

"कळंब्याच्या उतारावर दोन्ही हात सोडले, वहिनी. सरळ."

"दोन्ही हात? ह्या वयात?"

"एकदाच," तो म्हणाला, आणि पांढरा शर्ट काढायला आत गेला. बाहेर एक रिक्षा कधीची उभी होती, तिचा ब्रेक लागत नव्हता.